रीड-ओन्ली गॅलरी

चित्रकलेच्या दोन-दोन सरकारी परीक्षा पास झालेला, पण आयुष्याची पहिली बावीस-तेवीस वर्षं एकाही आर्ट गॅलरीत पाऊल न टाकलेला माणूस पाहायचाय? हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी सरळ आरशात बघावं. मीही त्यातलाच. एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट झाली. दोन्हीत 'बी' ग्रेड. वस्तुचित्राला मांडलेला तो माठ, शेजारचं वांगं, मागे सोडलेला घड्यांचा कपडा, स्मरणचित्रातला हमखास येणारा बसस्टॉप... सगळं अजून डोळ्यांसमोर आहे. महाराष्ट्रात दरवर्षी लाखो मुलं या परीक्षांना बसतात, त्यांचे दहावीला वाढीव गुणही मिळतात. म्हणजे पोरं चित्रं काढत नाहीत अशातला भाग नाही. पण चित्रं जिथे टांगलेली असतात तिथे जायचं असतं, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नाही. नोकरीला लागल्यावर एकदा मुंबईत पावसात अडकलो, समोर जहांगीर आर्ट गॅलरी दिसली, आत शिरलो. कारण काय, तर छत्री नव्हती.

तर आजचा विषय हाच. तरुण पोरांनी गॅलरीत यावं म्हणून गॅलरीवाले काय करतात, आणि त्यातलं काय खरंच चालतं.

आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगतो. कुठल्याही सिस्टिममध्ये युजरला परवानग्या असतात. कुणाला फक्त वाचता येतं, कुणाला लिहिताही येतं. आर्ट गॅलरी ही बहुतेकांसाठी रीड-ओन्ली सिस्टिम आहे. या, रांगेने बघा, हात लावू नका, मोठ्याने बोलू नका, बाहेर पडा. आणि ज्या ठिकाणी आपल्याला फक्त वाचायची मुभा असते आणि वाचलेलं कळेल याची खात्री नसते, तिथे माणूस सहसा दुसऱ्यांदा जात नाही.

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे तिकीट काढून टाका. ब्रिटनने हे करून पाहिलंय. २००१ च्या डिसेंबरपासून तिथल्या राष्ट्रीय म्युझियम आणि गॅलऱ्यांचा कायमचा संग्रह बघायला पैसे पडत नाहीत. गर्दी भरपूर वाढली. पण येणारा माणूस कुठल्या घरातला, किती शिकलेला, हे चित्र त्यामानाने फारसं बदललं नाही. जे आधी येत होते तेच जास्त वेळा यायला लागले. पिएर बोर्द्यू नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने युरोपातल्या म्युझियमच्या प्रेक्षकांचा अभ्यास करून १९६६ मध्येच साधारण हेच म्हटलं होतं. दार उघडं असतं, पण आत जायची सवय घरातून आणि शाळेतून येते. ज्याला ती मिळाली नाही त्याला उघडं दारही बंदच वाटतं, आणि वर तो म्हणतो, "मला त्यात इंटरेस्ट नाही."

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. का, ते पुढे येईल.

२०१९ च्या हिवाळ्यात मी कंपनीच्या कामासाठी लंडनला होतो. वेम्ब्लीत राहायचो. त्या नोव्हेंबरमध्ये शहरात एक गंमत दिसायला लागली. ट्यूब स्टेशनांवर, रस्त्याच्या कडेला, जिथे एरवी मोबाइलच्या आणि सिनेमांच्या जाहिराती असतात तिथे शाळेच्या वर्गांचे फोटो! खाली काही विकायचं नाही, ऑफर नाही. नुसता वर्ग. पहिली रांग बसलेली, मागची उभी, कडेला बाई. आपण शाळेत काढायचो अगदी तसाच. लंडनच्या ३३ही बरोंमध्ये मिळून असे सहाशेच्या वर फलक लागले होते.

ही स्टीव्ह मॅक्वीनची कल्पना. '१२ इयर्स अ स्लेव्ह' या २०१३ च्या सिनेमाचा दिग्दर्शक, ज्याला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं, तो हा. पण त्याआधी तो चित्र-शिल्प-व्हिडिओवाला कलाकार, १९९९ चा टर्नर प्राइझ विजेता. त्याने टेट ब्रिटन ही गॅलरी, आर्टएंजल ही संस्था आणि अ न्यू डिरेक्शन ही शिक्षणात काम करणारी संस्था यांना घेऊन ठरवलं की लंडनमधल्या 'इयर थ्री'च्या, म्हणजे सात-आठ वर्षांच्या, शक्य तेवढ्या सगळ्या मुलांचे वर्गाचे फोटो काढायचे. सरकारी शाळा, खाजगी शाळा, धार्मिक शाळा, विशेष मुलांच्या शाळा, घरी शिकणारी मुलं, सगळी. १,५०४ शाळा तयार झाल्या. ३,१२८ फोटो, ७६,१४६ मुलं. लंडनमधल्या त्या वयाच्या मुलांपैकी साधारण दोन-तृतीयांश. फोटोच्या निमित्ताने वर्गात 'मी कोण, आमचा वर्ग म्हणजे काय' अशा गोष्टींवर बोलणंही व्हायचं. आणि मग हे सगळे फोटो टेट ब्रिटनच्या मधल्या भव्य दालनांत जमिनीपासून उंचापर्यंत लावले. प्रवेश फुकट.

सात-आठ वर्षांचीच मुलं का? मॅक्वीनचं म्हणणं असं की याच वयात मुलाला घराबाहेरचं जग दिसायला लागतं. आपला रंग, आपला वर्ग, आपण मुलगा की मुलगी, हे इतरांच्या नजरेतून कळायला लागतं. तो स्वतः आठ वर्षांचा असताना शाळेच्या सहलीबरोबर टेटमध्ये आला होता, आणि काहीही शक्य आहे असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, असं तो सांगतो. पण त्याच मुलाला तेराव्या वर्षी शाळेने वेगळं काढलं. डिस्लेक्सिया होता, आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले. पुढे प्लंबर-गवंडीच होणार अशा मुलांच्या तुकडीत त्याला टाकलं. (प्लंबर होणं वाईट नाही. ते दुसऱ्याच कुणीतरी तेराव्या वर्षी ठरवणं वाईट.) आठव्या वर्षी एका गॅलरीने 'काहीही शक्य आहे' म्हणायचं आणि तेराव्या वर्षी शाळेने 'तुला एवढंच शक्य आहे' म्हणायचं. यातलं कोणतं वाक्य पोराच्या डोक्यात राहील, यावर पुढचं सगळं आयुष्य अवलंबून.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक पुण्याचं कुटुंब राहायचं. त्यांची मुलगी या फोटोंतली होती. फोटो काढला तेव्हा इयर थ्रीमध्ये, प्रदर्शन लागलं तोपर्यंत इयर फोरमध्ये गेलेली. शाळेबरोबर जाऊन ती आपला वर्ग भिंतीवर बघून आली आणि तेव्हापासून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. आईला दाखवायचंच. वडील भारतात गेलेले. डिसेंबरातल्या एका रविवारी वहिनी म्हणाल्या, "तुम्ही येता का हो सोबत? मला त्या गॅलरी-बिलरीतलं काही कळत नाही. सहा वर्षं झाली लंडनमध्ये, एकदाही गेले नाहीये. मला नाही त्यात इंटरेस्ट."

पिम्लिको स्टेशनवर उतरलो. नदीकाठची ती पांढरी, खांबवाली इमारत बघितल्यावर वहिनी बाहेरच जरा थबकल्या. "तिकीट कुठे काढायचं?" मुलगी म्हणाली, "आई, तिकीट नसतं. चल!" आणि हात धरून पायऱ्या चढायला लागली. आत गार्डला तिने ओळखीच्या माणसाला करावं तसं हाय केलं. आम्ही दोघं तिच्या मागे.

दालनात शिरल्यावर खरंच अंगावर येतं हो. सगळीकडे वर्ग. हजारो छोटे चेहरे. दात पडलेले, पगडी घातलेले, हिजाबवाले, व्हीलचेअरवरचे, डोळे मिटलेले, शेजारच्याला चिमटा काढणारे. एका फोटोत निळे ब्लेझर, एकशिस्त, मागे लाकडी पॅनेलचा हॉल. त्याच्याच शेजारी टी-शर्टातली पोरं आणि मागे जिममधल्या शिड्या. मी पाहिलेल्या फोटोंवर शाळेचं नाव कुठे दिसलं नाही. महागड्या शाळेची फ्रेम आणि गरीब वस्तीतल्या शाळेची फ्रेम सारख्याच आकाराची.

तिचा वर्ग आमच्या डोक्याच्या बराच वर होता. पण तिला जागा पाठ होती. मला म्हणाली, "काका, तू इथून नको बघूस, मागे ये. लांबून बघ." मग एकेक करून सगळा वर्ग ओळखून दाखवला. हा सोमालियाचा, ही पोलंडची, हा शाळा सोडून गेला. वहिनी मान वर करून बघतच राहिल्या. मग त्यांनी फोन काढला आणि वर टांगलेल्या फोटोचा फोटो काढून नाशिकला आईला पाठवला.

मला वाटलं, झालं, आता निघू. तर वहिनीच म्हणाल्या, "आलोच आहोत तर बाकीचं पण बघू की." टर्नरच्या चित्रांच्या खोल्यांमध्ये आम्ही जवळजवळ तासभर होतो. एका समुद्राच्या चित्रासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मला अप्लाइड आर्टला जायचं होतं. इंटरमिजिएटला ए ग्रेड होती माझी. बाबा म्हणाले, बी.कॉम. कर." बस, एवढंच. पुढे त्यावर काही बोलणं झालं नाही. मुलगी बाकावर बसून चिप्स खायची परवानगी मागत होती, ती अर्थातच मिळाली नाही.

'मला इंटरेस्ट नाही' या वाक्याखाली काय काय पुरलेलं असतं, ते त्या दिवशी कळलं. तिकीट फुकट असून सहा वर्षांत जे झालं नाही, ते एका वर्गाच्या फोटोने केलं. कारण आता त्या इमारतीत त्यांचं काहीतरी होतं.

इथे कुणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की त्या मुलांनी केलं काय? रांगेत उभी राहिली, फोटो काढून घेतला. कल्पना मॅक्वीनची, मांडणी गॅलरीची. याला 'लिहिण्याची परवानगी' कसं म्हणायचं? मुद्दा मान्य. भिंतीवर चेहरा असणं ही पहिली पायरी झाली. भिंतीवर काय लागेल हे ठरवता येणं ही पुढची.

ती पायरीही टेटने चढून पाहिली होती, त्याआधीच. २०१३ ते २०१७ या काळात 'सर्किट' नावाचा कार्यक्रम चालला. पॉल हॅम्लिन फाउंडेशनचे ५० लाख पौंड, टेटच्या गॅलऱ्या आणि इंग्लंड-वेल्समधल्या इतर काही गॅलऱ्या, वय १५ ते २५. यात पोरांना प्रेक्षक म्हणून बोलावलं नाही. त्यांचे गट केले, आणि महोत्सव काय करायचा, कुठल्या कलाकाराला बोलवायचं, पैसे कशावर खर्च करायचे, हे त्यांनी ठरवायचं. आपल्याकडच्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये नवख्याला कमिट करायची परवानगी देतात ना, तसंच. आणि तसेच प्रश्न. कोड बिघडेल ही भीती, जुन्या लोकांचं नाक मुरडणं, मीटिंगा.

पण खरा प्रश्न वेगळाच निघाला. या गटांमध्ये स्वतःहून आली कोण, तर बऱ्याच प्रमाणात आधीच कलेच्या वाटेवर असलेली मुलं. आर्ट कॉलेजात शिकणारी, नाहीतर जाणार असलेली. त्यांच्यासाठी ही उत्तमच संधी होती. पण ज्यांच्यासाठी मुळात हे मांडलं होतं ती वस्तीतली, युथ क्लबात जाणारी पोरं सहजासहजी आली नाहीत. म्हणून गॅलऱ्यांनी युथ क्लब आणि युथ वर्कर यांच्याशी भागीदारी करायचं ठरवलं, आणि ते फार अवघड गेलं. निकोला सिम या संशोधिकेने 'सर्किट'च्या आतून यावर अभ्यास केला, २०१९ मध्ये तिचं पुस्तकही आलं. गॅलरीवाल्यांची आणि युथ वर्करची भाषा वेगळी, वेळापत्रक वेगळं, यश कशाला म्हणायचं तेही वेगळं. युथ वर्करला एखादा पोरगा सहा महिने नियमित आला हेच मोठं यश. गॅलरीला शेवटी काहीतरी दाखवता येण्यासारखं हवं. त्यात त्याच दशकात सरकारी काटकसरीमुळे युथ क्लब धडाधड बंद पडत होते. ज्याच्याशी हात मिळवायचा तो भागीदारच गायब!

आणि दुसरीकडून शाळाही आकसत होत्या. इंग्लंडमध्ये २०१० पासून शाळांचं मोजमाप ठराविक मुख्य विषयांच्या एका यादीवर व्हायला लागलं. त्यात इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास किंवा भूगोल आणि एक भाषा. चित्रकला नाही, संगीत नाही, नाटक नाही. जे मोजलं जात नाही त्याचे तास कमी होतात, हे आपल्याला काय नवीन सांगायचं. माझ्या शाळेत चित्रकलेचा तास दहावीच्या वर्षात गणिताच्या सरांना आंदण दिलेला होता. म्हणून मला वाटतं, गॅलरीने हे सगळं करणं म्हणजे हौस किंवा जाहिरात नव्हे. शाळेने हात वर केल्यावर उरलेल्या थोड्या जागांपैकी ती एक आहे. पण ती शाळेची जागा घेऊ शकत नाही. प्रोजेक्ट असतो तीन-चार वर्षांचा. फंडिंग संपलं की टीम पांगते. मुलं मात्र दरवर्षी नवी येत राहतात. मेंटेनन्सचं बजेट कुणीच धरत नाही, इथेही.

त्यातून टिकलेली साधी गोष्ट म्हणजे 'टेट कलेक्टिव्ह'. १६ ते २५ वयाच्या कुणीही फुकट सभासद व्हायचं आणि एरवी महाग असलेली प्रदर्शनं ५ पौंडांत बघायची. २०१८ मध्ये सुरू झालं. स्वस्त तिकिटाने एकट्याने काही होत नाही हे वर म्हटलंच आहे, पण आधी एकदा आत येऊन गेलेल्याला ते नक्की परत आणतं. क्रम महत्त्वाचा. आधी 'इथे माझं काहीतरी आहे', मग 'तिकीट परवडतं'.

आता आपल्याकडे. सगळा अंधार आहे असं अजिबात नाही. कोचीच्या बिएनालेबरोबर २०१४ पासून स्टुडंट्स बिएनाले भरते. देशभरातल्या, विशेषतः सरकारी, कला महाविद्यालयांतल्या मुलांचं काम तिथे लागतं आणि ते निवडायला तरुण क्युरेटर त्या-त्या कॉलेजांत जातात. (त्या वर्षीच्या मुख्य बिएनालेचा क्युरेटर आपला मुंबईचा जितीश कल्लाट होता.) लहान गावातल्या, साधनं नसलेल्या कॉलेजातल्या पोराला आपलं काम देशोदेशीच्या लोकांसमोर लागलेलं बघायला मिळणं, ही राइट परमिशनच. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ मध्ये मुलांचं स्वतंत्र म्युझियम सुरू झालं. त्याच्याही आधी, २०१५ पासून, त्यांची वस्तू घेऊन शाळाशाळांत जाणारी बस आहे. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय दुरुस्त होऊन २००८ मध्ये पुन्हा उघडलं, तिथेही मुलांसाठी कार्यशाळा होतात.

कमी आहे ते मधलं दुवा जोडणारं माणूस. लाखो मुलं एलिमेंटरीला बसतात, आणि शहरात गॅलऱ्या आहेत. या दोघांची गाठ घालून देणारी एक सहल, एक शिक्षक, एक काका. प्रत्येक केंद्रावरच्या चांगल्या चित्रांतली थोडी जरी त्याच शहरातल्या एखाद्या खऱ्या गॅलरीत आठवडाभर लागली, तरी किती घरं पहिल्यांदा तो उंबरठा ओलांडतील, विचार करा. आई, बाबा, आजी, शेजारचे, सगळे येतील. आपल्या पोराचं चित्र बघायला येतील, आणि मग 'आलोच आहोत तर बाकीचं पण बघू की' म्हणतील. याला ५० लाख पौंड लागत नाहीत. खिळे, दोरी आणि एक परवानगीचं पत्र लागतं.

तोवर आपल्या हातात काय आहे? जहांगीर आहे. १९५२ पासून आहे, आणि प्रवेश फुकट आहे. (समोवार मात्र २०१५ मध्ये बंद झालं, त्यामुळे खायची सोय आधी बघून ठेवा.) तिथली एक गोष्ट मला लंडनपेक्षाही आवडते. प्रदर्शन चालू असतं तेव्हा बहुतेक वेळा चित्रकार स्वतः तिथे खुर्ची टाकून बसलेला असतो. आणि तो बऱ्याचदा अक्षरशः कंटाळलेला असतो, कारण लोक येतात, माना हलवतात आणि काही न बोलता जातात. तुमचा भाचा, पुतणी, सोसायटीतलं कुठलंही एक पोर घेऊन जा. आधी काही समजावून सांगू नका. त्यालाच विचारू द्या, "काका, हे किती दिवसांत काढलंत? हा रंग असा का?" मी आत्तापर्यंत तीनदा हे करून पाहिलंय. तिन्ही वेळा चित्रकार खुर्चीतून उठला आणि पोराला चित्राच्या अगदी जवळ घेऊन गेला.